गर्भातली खूण, गाठीतली खूण

मागे आमच्या ओळखीचे एक गुरुजी रक्ततपासणीचा कागद घेऊन आले. 'सीईए' या नावापुढे आकडा ६, आणि शेजारी छापील मर्यादा ५. कोणीतरी सांगितले, ही कर्करोगाची तपासणी. झालं, घरात रडारड! डॉक्टरांनी मात्र पहिला प्रश्न केला, "गुरुजी, विड्या किती ओढता?" असे त्यांनी का विचारले, ते कळायला थोडा इतिहास पाहावा लागेल.

१९६५ साली कॅनडातील माँट्रियल शहरी फिल गोल्ड हे तिशीच्या आतले संशोधक आणि त्यांचे मार्गदर्शक सॅम्युअल फ्रीडमन एक शोध घेत होते. कर्करोगाच्या गाठीत असे काही असते का, जे निरोगी भागात नसते? आता एकाची गाठ आणि दुसऱ्याचे निरोगी आतडे ताडून पाहिले, तर दिसणारा फरक रोगाचा की माणसामाणसातला, हे कसे ठरवणार? त्यांनी काढलेली तोड मला फार आवडते. मोठ्या आतड्यातील गाठ काढताना शल्यवैद्य तिच्या कडेचे चांगले आतडेही थोडे कापतो. म्हणजे दोन्ही भाग एकाच रोग्याचे! गाठीचा अर्क त्यांनी सशांना टोचला. सशांच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार झाली. मग त्या रक्तरसात निरोगी आतड्याचा अर्क मिसळला. त्याला चिकटणारी प्रतिद्रव्ये त्यातच अडकून बाजूला झाली. सुपात पाखडून कोंडा उडावा आणि दाणा राहावा, तसे हे. उरलेली प्रतिद्रव्ये गाठीला तेवढी चिकटत होती.

ती ज्याला चिकटत, तो पदार्थ म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचे, साखरेच्या साखळ्या जोडलेले एक प्रथिन. नवल असे, की तेच गर्भाच्या आतड्यातही सापडले. म्हणून नाव पडले कार्सिनोएम्ब्रियॉनिक अँटिजेन, म्हणजेच सीईए.

१९६९ साली हे प्रथिन रक्तात मोजता येऊ लागले. माप किती बारीक म्हणाल, तर एका मिलिलिटरमागे ग्रॅमचे अब्जांश! मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ३६ रोग्यांपैकी ३५ जणांत ते आढळले. आशा उंचावल्या. पण बरं का, त्या ३६ जणांचा रोग आधीच ठाऊक होता. पुढे इतरांचे रक्त तपासले, तेव्हा धूम्रपान करणारे, यकृत बिघडलेले, आतड्याला सूज असलेले, अशांतही आकडा चढलेला दिसला. उलट गाठ लहान असताना तो पुष्कळदा चढतच नाही. १९८० साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या परिषदेने स्पष्ट केले, की सरसकट लोकांत कर्करोग हुडकण्यासाठी ही तपासणी वापरू नये.

तिचा खरा उपयोग निदानानंतरचा. शस्त्रक्रियेपूर्वी आकडा नोंदवतात. गाठ पुरती निघाली तर काही आठवड्यांत तो उतरतो. मग ठराविक महिन्यांनी रक्त घेत राहतात. उतरलेला आकडा पुन्हा चढू लागला, तर रोग्याला काही त्रास नसतानाही डॉक्टर यकृत, फुप्फुसे तपासून पाहतात. कधी त्या वेळी परतलेली गाठ लहान असते, काढता येते.