गर्भस्थ फुप्फुस, संप्रेरके आणि बेळगाव-नागपूरचा अनुभव : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : गर्भातील बाळाचे फुप्फुस श्वसनासाठी केव्हा सिद्ध होते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकाच्या केंद्रस्थानी आला. गर्भारपणाच्या अखेरीस बाळाच्या अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल या संप्रेरकाचा स्राव वाढतो. त्यामुळे फुप्फुसाच्या ऊती परिपक्व होतात व वायुकोश मिटू न देणारे सर्फॅक्टंट तयार होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळात त्याचीच उणीव असते, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखविले.

संशोधनाचा प्रवास : न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे ग्रॅहम लिगिन्स हे मेंढीची प्रसूती कशी सुरू होते याचा अभ्यास करीत होते. स्टेरॉइड दिलेली अकाली जन्मलेली कोकरे श्वास घेत असल्याचे त्यांनी १९६९ मध्ये नोंदविले. १९७२ मध्ये लिगिन्स व रॉस हॉवी यांनी २८२ मातांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत उपचारित गटातील नवजात बालमृत्यू ३.२ टक्के, तर दुसऱ्या गटात १५ टक्के होते. तरीही अमेरिकेत या उपचारास व्यापक मान्यता मिळण्यास १९९४ साल उजाडावे लागले.

बेळगाव व नागपूर : रुग्णालयात सिद्ध झालेला हा उपाय गावपातळीवर तितकाच उपयुक्त ठरेल, असे गृहीत धरले जात होते. सहा देशांतील सुमारे एक लाख जन्मांचा समावेश असलेल्या चाचणीने या गृहीतकास धक्का दिला. बेळगाव व नागपूर ही तिची भारतातील केंद्रे होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अतिशय लहान बाळांचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत. उलट एकूण दर हजारी ३.५ नवजात मृत्यू अधिक झाले. मातांमधील संभाव्य जंतुसंसर्गही वाढला. इंजेक्शन मिळालेल्या मातांपैकी केवळ १६ टक्के मातांना अतिशय लहान बाळे झाली. म्हणजेच बहुतेकींना औषध अनावश्यक दिले गेले.

पुढे बेळगावचा सहभाग असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रुग्णालयीन चाचणीत (२०२०) सोनोग्राफीने गर्भाचे वय निश्चित करून डेक्सामेथासोन देण्यात आले. तेथे नवजात मृत्यूचे प्रमाण २३.५ वरून १९.६ टक्क्यांवर आले.

निष्कर्ष : दोन्ही चाचण्यांत औषध तेच होते, भिन्न होती ती गर्भाच्या वयाची खात्री व नवजात शुश्रूषेची सोय. त्यामुळे कोल्हापूरसारख्या जिल्ह्याच्या ग्रामीण भागातही इंजेक्शनच्या उपलब्धतेइतकेच महत्त्व वेळेवर होणाऱ्या सोनोग्राफीस व सुसज्ज नवजात कक्षास द्यावे लागते, हाच या इतिहासाचा बोध होय.