नाकेबंदी अमेरिकेत, होळी सुप्यात

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने कांद्याची निर्यात बंद केली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा सुरू केली. मधल्या काळात आपल्या जुन्नर-आंबेगावच्या गटांत कितीतरी जणींनी हप्त्याला मुदत मागितली. बंदी झाली दिल्लीत, नोंद झाली आपल्या वहीत. मग एखाद्या देशाचा व्यापारच अडवला, तर त्याचा परिणाम कुणाच्या वहीत मोजायचा? यासाठी आज एक जुनी हकिगत सांगतो.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी दक्षिणेकडच्या राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली. गुलामांकडून पिकवलेला कापूस हीच त्या राज्यांची मिळकत. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेतून येई. तो अडला आणि लँकेशायरच्या गिरणी कामगार बायाबापड्यांच्या चुली थंडावल्या.

इकडे मुंबईत मात्र कापसाला सोन्याचा भाव आला. १८६० ते १८६४ या काळात दख्खनमध्ये कापसाखालची जमीन दुप्पट झाली. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपले, नाकेबंदी उठली, भाव कोसळले. मुंबईतल्या पेढ्या बुडाल्या. सावकारांनी नवे कर्ज आखडते घेतले, जुन्याचा तगादा लावला.

आपल्या भीमाशंकरला उगम पावलेली भीमा खाली जिथून वाहते, तो मुलूख भीमथडी. त्या तालुक्यातल्या सुपे गावी १२ मे १८७५ रोजी, बाजारात जमलेल्या रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून त्यांची होळी केली. मग हे लोण पुणे-नगरच्या गावोगावी पसरले.

आता हिशेब करू. १८६४ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्याची वही उघडली, तर नाकेबंदीने नफाच नफा. लँकेशायरच्या कामगारणीला विचारले, तर उपासमार. आणि आपल्या रयतेची वही १८६५ लाच मिटली, तर तिचा तोटा दिसतच नाही. म्हणून वही कुणाची, आणि ती कधी मिटली, हे आधी विचारावे.

पण सगळे खापर नाकेबंदीवर फोडणेही खरे नाही. त्याच काळात सरकारने शेतसारा वाढवला होता. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीन वर्षेच चाले. म्हणून सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुदलात घालून नवा रोखा लिहून घेत. व्याजावर व्याज! शिवाय सुप्याकडचा भाग कोरडवाहू, तिथे कापसापेक्षा ज्वारी-बाजरी जास्त. तेव्हा कापसाचे गाव आणि बिनकापसाचे गाव शेजारी ठेवून पाहावे लागते. कांदावाली आणि दूधवाली, दोघींचे हप्ते थकले, तर कारण एकटा कांदा नसतो.

दंग्यानंतर सरकारने चौकशी आयोग नेमला. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. नुसता रोखा पाहू नका, व्यवहार मुळापासून तपासा, असे त्याने कोर्टांना सांगितले.

मैत्रिणींनो, आपणही तेच करू. पुढच्या बैठकीत हप्ता थकल्याची नोंद करताना नुसती रक्कम लिहायला नको. पीक कोणते, भाव कधी पडला, आधीचे देणे किती, हेही लिहू. बंदीचा हिशेब वरून कुणी मागितला, तर दाखवायला आपली वही असेल.