इअरफोनची पारख : इतिहासाकडून शिकलेली

कानात बसणाऱ्या महागड्या इअरफोनची पारख करताना मी किमतीआधी त्यांचा इतिहास पाहतो. या साधनाची मुळे ऐकू न येण्याच्या दुखण्याशी जोडलेली आहेत. अमेरिकेत मीड किलियन यांनी १९८३ मध्ये एटिमोटिक रिसर्च ही कंपनी काढली. श्रवणतपासणीच्या साधनांतल्या तिच्या अनुभवातून १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन आला. त्याच्या आत श्रवणयंत्रांत वापरतात तसा चिमुकला ड्रायव्हर होता. पुढे १९९५ च्या सुमारास जेरी हार्वे यांनी व्हॅन हॅलेन बँडच्या ड्रमवादकासाठी कानातले मॉनिटर घडवले; रंगमंचावरच्या गोंगाटात त्याला स्वतःचे वादन नीट ऐकू यावे म्हणून.

म्हणून माझी पहिली कसोटी बोंडाची. ते कानात घट्ट बसले नाही, तर खर्जच निघून जातो आणि दोष मात्र यंत्राला लागतो. मग ओळखीची गझल मंद आवाजात ऐकावी. गायिकेचा श्वास आणि तबल्याचा डग्गा वेगळे कळतात का, ते पाहावे. बांधणीत वायर आणि जाळी बदलता येते का, हे विचारावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी सुरक्षित मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज चढवल्याशिवाय ज्यात गाणे उमलत नाही, तो इअरफोन कितीही महाग असो, माझ्या लेखी नापास. वायर नवी मिळते, कान मिळत नाही.