गेल्युसाइट

बाष्पीभवनातून बनणारे विरळ कार्बोनेट खनिज. स्फटिक एकनताक्ष, लांबट व चपटे; पाटन उत्तम; भंजन शंखाभ; फार ठिसूळ. कठिनता २.५–३, वि. गु. १.९९. चमक काचेसारखी, रंगहीन, पांढरे वा पिवळसर. रासायनिक दृष्ट्या हे सोडियम व कॅल्शियम यांचे कार्बोनेट असून त्याच्या घडणीत पाण्याचे पाच रेणू असतात. ते पाणी टिकत नाही. कोरड्या हवेत पारदर्शक स्फटिक वरून पांढरा पडत जातो आणि कालांतराने त्याचा भुगा होतो. पाण्यात हळूहळू सोडा निघून जातो, कॅल्शियम कार्बोनेट मागे उरते. अम्लात फसफसते.

झां बूसँगो यांनी व्हेनेझुएलातील लागुनियास येथील नमुन्यांवरून १८२६ मध्ये त्याला गे-ल्युसॅक या फ्रेंच शास्त्रज्ञांचे नाव दिले. केनियातील अँबोसेली व कॅलिफोर्नियातील मोनो या सरोवरांतही ते आढळते.

महाराष्ट्रात ते बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराच्या गाळात मिळाले आहे. हे सरोवर ज्या सुमारे १.८ किमी. व्यासाच्या विवरात आहे, त्यात पावसाचे व धार तीर्थ या झऱ्याचे गोडे पाणी उतरते, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही. बेसाल्ट झिजून आलेला सोडा वर्षानुवर्षे आतच साठतो. पाणी आटून खार दाट झाला, की गाळातल्या कॅल्शियमशी संयोग होऊन गेल्युसाइटचे स्फटिक वाढतात. खडक तोच असूनही कोल्हापूर जिल्ह्यात मात्र उलटे घडते: राधानगरीच्या डोंगरमाथ्यावर धो धो पाऊस सोडा आणि चुना धुऊन नेतो व मागे बॉक्साइट उरते.

लोणारचा खार जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. काच व साबण यांसाठी लागणाऱ्या इथल्या मालाचा उल्लेख ‘आइन-इ-अकबरी’त येतो. दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा प्रतींनी तो विकला जाई. त्यात मुख्य खनिज ट्रोना हे सोडियमचे कार्बोनेट. गेल्युसाइटला असा बाजार नव्हता. त्याची थोरवी वेगळी आहे: सरोवर आटल्याची खूण ते गाळात जागच्या जागी ठेवून जाते. तळातून काढलेल्या सुमारे १० मी. लांबीच्या गाळस्तंभात हे स्फटिक सरसकट नाहीत, ठरावीक थरांतच आहेत. २०१३–१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या थरांच्या आधारे दीर्घ अवर्षणाचे दोन कालखंड ठरवले गेले: सुमारे ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. पर्जन्यमापक येण्याच्या कितीतरी आधी मोसमी पावसाने दिलेल्या ओढीचा इतका थेट पुरावा मध्य भारतात क्वचितच मिळतो.