शेजारचे बांधकाम आणि वारसा वास्तूंची सुरक्षा

ऐतिहासिक वास्तूची हानी म्हटली, की डोळ्यांपुढे येतात ते ऊन-पाऊस, भिंतीत रुजलेला पिंपळ, देखभालीची हेळसांड किंवा थेट पाडकामाचा हातोडा. गेल्या काही दशकांत शहरांमध्ये यांच्या जोडीला आणखी एक धोका वाढला आहे. त्यात वास्तूला कोणी हातही लावत नाही. तिच्या शेजारी उत्तुंग इमारत, भुयारी रेल्वे किंवा दोन-तीन मजली तळघर यांचे काम सुरू होते आणि शंभर-सव्वाशे वर्षे निश्चल उभ्या असलेल्या भिंतींवर तडे उमटू लागतात.

मुंबईत ऑगस्ट २०१७ मध्ये या प्रश्नाने न्यायालयाचे दार गाठले. फोर्टमधील दादाभाई नौरोजी मार्गावर जे. एन. पेटिट इन्स्टिट्यूटच्या वाचनालयाची निओ-गॉथिक शैलीतील इमारत आहे. जीर्णोद्धाराच्या उत्तम कामाबद्दल तिला २०१५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा वारसा जतन पुरस्कार मिळाला होता. कुलाबा-वांद्रे-सीप्झ या मेट्रो-३ मार्गिकेचे काम जवळच सुरू असताना या इमारतीच्या दगडी अलंकरणाचा एक तुकडा निखळून पडला. मुंबई उच्च न्यायालयाने इमारतीलगतचे काम काही काळ थांबविले आणि तज्ज्ञांकडून पाहणी करविली. पुढे देखरेखीच्या अटींवर काम सुरू झाले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका कफ परेडपर्यंत पूर्णत्वास गेली. अशा प्रत्येक प्रकरणात वादाचे मूळ एकच असते. दिसणारे दुखणे जुनेच होते, की शेजारच्या कामाने ते उद्भवले? काम सुरू होण्यापूर्वीची नोंद नसेल, तर याचे खात्रीचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही.

जमिनीखाली काय घडते?

जुन्या दगडी किंवा विटांच्या इमारतीत पोलादाचे बळ बहुधा नसते. चुन्याच्या सांध्यांनी जोडलेली ती एक जड, पण एका परीने लवचिक रचना असते. संपूर्ण इमारत सारखीच काही मिलिमीटर खचली, तर तिला फारसे काही होत नाही. एक कोपरा खचला आणि दुसरा जागेवर राहिला, की कमानींचा तोल बिघडतो आणि खिडक्यांच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा धावू लागतात. शेजारी खोल खड्डा खणला, की नेमके हेच होते. खड्ड्याच्या बाजूची माती आधार गमावून आत सरकू पाहते आणि वास्तूची केवळ त्या अंगाची बाजू खाली जाते.

दुसरे कारण भूजलाचे. खड्डा कोरडा ठेवण्यासाठी पंपाने पाणी उपसले जाते, त्याबरोबर परिसरातील पाण्याची पातळी उतरते आणि मऊ माती आक्रसते. समुद्र हटवून केलेल्या भरावावर किंवा नदीकाठच्या गाळावर वसलेल्या शहरांत हा धोका अधिक. लाकडी खुंटांवर उभ्या असलेल्या इमारतींचे तर पाण्यावाचून भागतच नाही. पाण्याखाली बुडालेले लाकूड शतकानुशतके टिकते, मात्र पातळी उतरून त्याला हवा लागली, की ते कुजू लागते.

कंपनांचा धोका लोकांना सर्वांत आधी जाणवतो, कारण खिडक्यांची तावदाने थरथरतात. माणसाला मात्र इमारतीला अपाय करणाऱ्या कंपनांहून कितीतरी सौम्य कंपनेही जाणवतात, म्हणून मापनाचा आग्रह धरावा लागतो. जर्मनीच्या डीआयएन ४१५० या प्रमाणकात वारसा मूल्याच्या संवेदनशील वास्तूंच्या पायाशी, कमी वारंवारितेच्या कंपनांसाठी, सेकंदाला ३ मिलिमीटर वेगाची मर्यादा सुचविलेली आहे. निवासी इमारतींसाठी ती ५ आणि औद्योगिक इमारतींसाठी २० आहे. भारतात खाण सुरक्षा महासंचालनालयाने सुरुंगांच्या स्फोटांबाबत १९९७ मध्ये जे निकष ठरविले, त्यांत ऐतिहासिक वास्तूंसाठी कमी वारंवारितेला ही मर्यादा २ मिलिमीटर, म्हणजे आणखी कडक आहे. अर्थात ते निकष खाणींसाठी आहेत, शहरातल्या पाइल ठोकणाऱ्या यंत्रासाठी नव्हेत.

बोस्टनचा धडा

या विषयातील सर्वांत बोलका खटला अमेरिकेतील बोस्टन शहरातला आहे. कॉपली चौकातील ट्रिनिटी चर्च हे वास्तुविशारद हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांचे काम १८७७ मध्ये पूर्ण झाले. चर्चचा हा भाग खाडीत भराव घालून तयार केलेला असल्याने इमारत सुमारे साडेचार हजार लाकडी खुंटांवर तोललेली आहे. १९६८ मध्ये तिच्या समोरच जॉन हॅन्कॉक विमा कंपनीच्या साठ मजली मनोऱ्याच्या पायाचे खोदकाम सुरू झाले. खड्ड्याच्या कडेने ठोकलेली पोलादी पत्र्यांची भिंत मऊ चिकणमातीच्या दाबाने आत वाकली. भोवतालचे पदपथ व जमिनीखालच्या वाहिन्या बिघडल्या, चर्चचा पाया एका बाजूने खचला आणि भिंतींना तडे गेले. हा मनोरा पुढे काचेची तावदाने निखळून पडल्यामुळे जगभर गाजला, त्या गाजावाजात चर्चचे दुखणे काहीसे झाकले गेले.

चर्चने कंपनीवर दावा लावला. न्यायालयापुढे अवघड प्रश्न होता तो नुकसानीचे मोल कसे करावे हा. चर्चला बाजारभाव नसतो, ते कोणी विकत घेत नाही. शिवाय तडे बुजवता आले, तरी खचलेला पाया पूर्ववत होत नाही. चर्चच्या तज्ज्ञांनी वेगळीच पद्धत मांडली. वास्तू किती विकृत झाली म्हणजे ती उतरवून पुन्हा रचावी लागेल, याची मर्यादा त्यांनी ठरविली. त्या मर्यादेकडे जाणारी वाटचाल खोदकामाने किती टक्के पुढे नेली, याचा हिशेब मांडला आणि पुनर्रचनेच्या खर्चाचा तेवढा हिस्सा मागितला. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ही भरपाई कायम केली. इमारत कोसळलेली नसतानाही तिचे आयुष्य खर्ची पडले, याची किंमत शेजाऱ्याला मोजावी लागली, हे या निकालाचे मर्म होय. दरम्यान १९८४ मध्ये शहराच्या जुन्या भागातील घरांचे खुंट कुजल्याचे उघडकीस आले होते. त्यानंतर १९८६ मध्ये बोस्टनने भूजलाची पातळी सतत मोजणारी स्वतंत्र विश्वस्त संस्थाच स्थापन केली.

लंडनमध्ये याउलट घडले. वेस्टमिन्स्टरच्या भुयारी स्थानकासाठी १९९० च्या दशकात ३९ मीटर खोल खोदकाम करायचे होते आणि बिग बेनचा मनोरा तेथून अवघ्या ३४ मीटरवर होता. मनोरा कलणार हे गणिताने आधीच दिसत होते. म्हणून त्याच्या पायाखालच्या मातीत नळ्या अगोदरच बसविण्यात आल्या. मनोरा ठरलेल्या मर्यादेपलीकडे झुकू लागला, की त्या नळ्यांतून सिमेंटचे मिश्रण दाबाने भरून माती उचलून धरली जाई. पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरही काम करणारे प्राध्यापक जॉन बर्लंड यांचा या कामात मोठा वाटा होता. मनोरा अजिबात हलला नाही असे नव्हे. तो किती हलला हे रोज कोणाला तरी ठाऊक होते, एवढेच.

शंभर मीटरचे वर्तुळ

भारतात वास्तूच्या शेजारावर नियंत्रण ठेवणारी मुख्य तरतूद प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्याशी जोडलेली आहे. जून १९९२ च्या अधिसूचनेने राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकाभोवतीचे शंभर मीटर निषिद्ध क्षेत्र, तर त्यापुढचे दोनशे मीटर विनियमित क्षेत्र ठरविले. २०१० च्या दुरुस्तीने ही बंधने कायद्यातच घातली आणि परवानग्यांसाठी राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. सार्वजनिक प्रकल्पांना या वर्तुळातून वाट मिळावी, यासाठीचे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झाले, पण त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

हे वर्तुळ कागदी नाही, याचा अनुभव पुण्याने घेतला. वनाझ-रामवाडी मेट्रोचा मार्ग नगर रस्त्याने आगाखान पॅलेससमोरून नेण्याचे मूळचे नियोजन होते. स्मारकाच्या निषिद्ध क्षेत्रामुळे तो कल्याणीनगरमार्गे वळवावा लागला. त्याच पुण्यात शनिवारवाड्याभोवती मात्र वर्तुळाची दुसरी बाजू दिसते. कसबा आणि शनिवार पेठांतील जुने वाडे या शंभर मीटरांत येतात. दुरुस्तीला परवानगी मिळू शकते, नवे बांधकाम मात्र होत नाही. पावसाळ्यात भिंत ओलावून फुगते, जिना हलतो आणि पुनर्बांधणीची वाट बंद, अशा स्थितीत येथील कुटुंबे राहतात. स्मारकाचे रक्षण करणारा नियम शेजारच्या वाड्यांना, जे स्वतःही इतिहासाचाच भाग आहेत, हळूहळू पडायला लावतो. या रहिवाशांच्या तक्रारीकडे केवळ विकासकांची ओरड म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.

शिवाय जमीन वर्तुळे ओळखत नाही. कठीण बसाल्टमध्ये ऐंशी मीटरवरचे खोदकाम निरुपद्रवी ठरू शकते, तर गाळात त्याहून दूरचा पाणीउपसाही घातक ठरतो. कोलकात्याच्या पूर्व-पश्चिम मेट्रोत हे ठळकपणे दिसले. करन्सी बिल्डिंग आणि दोन ज्यू प्रार्थनामंदिरे या संरक्षित स्मारकांमुळे तिच्या परवानग्या रखडल्या आणि त्या भागात काटेकोर देखरेखही झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बोगदा खणणारे यंत्र बहूबाजार येथे भूजलाच्या थरावर आदळले, बोगद्यात पाणी-गाळ शिरला, वरची जुनी घरे कोसळली आणि शेकडो रहिवाशांना घरे सोडावी लागली. २०२२ मध्ये त्याच भागात पुन्हा दोनदा तडे गेले. कोसळलेल्या घरांपैकी कोणाभोवतीही कायद्याचे वर्तुळ नव्हते.

मुंबईतील बहुसंख्य वारसा वास्तूंची स्थिती याच घरांच्या जवळची आहे. १९९५ च्या नियमावलीने देशात प्रथमच शहरातील वारसा वास्तूंची श्रेणीनिहाय यादी केली आणि त्यासाठी समिती नेमली. हे पाऊल निःसंशय मोठे होते. पहिल्या श्रेणीच्या वास्तूभोवतीच्या विकासाने तिची भव्यता किंवा तिच्या परिसराचे दृश्य बिघडू नये, असेही त्यात म्हटले गेले. पण त्या वाक्याचा रोख डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर आहे. शेजारचा खड्डा किती खोल, पाणी किती उपसणार, कंपने कोण मोजणार, हे प्रश्न तेथे उपस्थित होत नाहीत. ते बहुधा भेग पडल्यावर, न्यायालयात उपस्थित होतात.

उपाय ज्ञात आहेत आणि प्रकल्पखर्चाच्या तुलनेत ते महागही नाहीत. खोदकामापूर्वी वास्तूची खोलीनिहाय छायाचित्रे व भेगांचे नकाशे दोन्ही पक्षांच्या सहीने तयार करावेत. भूजल, कल आणि कंपने मोजणारी उपकरणे काम सुरू होण्याच्या काही महिने आधी बसवावीत, कारण ऋतूंप्रमाणे जुनी इमारत स्वतःही थोडी हलत असते आणि ती हालचाल वजा केल्याशिवाय आकड्यांना अर्थ नसतो. इशाऱ्याची आणि काम थांबविण्याची अशा दोन मर्यादा करारातच लिहाव्यात. सर्वांत मोठी अडचण येते ती पुढे. मापनाचे काम बहुधा कंत्राटदाराच्याच खर्चाने व त्याच्याच माणसांकडून होते आणि आकडे वास्तूच्या विश्वस्तांपर्यंत पोहोचतात ते उशिरा किंवा मागणी केल्यानंतरच. काम थांबविण्याचा अधिकार त्रयस्थ अभियंत्याकडे असेल आणि रोजचे आकडे विश्वस्तांना त्याच दिवशी मिळतील, अशी अट बांधकाम परवानगीतच घालता येते.

जेथे यांपैकी काहीच नाही, तेथे वाड्याच्या मालकांना किंवा गृहसंस्थेला जुनी युक्ती उपयोगी पडते. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लॅस्टरने पक्की बसवावी, शेजारी तारीख लिहावी आणि छायाचित्र काढून ठेवावे. भेग किंचित जरी उघडली, तरी काच तडकते आणि ती कोणत्या आठवड्यात तडकली, हे सांगता येते.