एका झग्यापायी काळं पाणी



मागच्या बैठकीत आमच्या गटात चांगलीच जुंपली. दुकानातून बिस्किटांचे पुडे उचलले म्हणून लोकांनी एका पोराला बदडलं होतं. ‘चोर तो चोर, लहान काय नि मोठा काय,’ असं निम्म्या जणी म्हणाल्या. बाकीच्या गप्प बसल्या. म्हणून आज आम्ही सव्वादोनशे वर्षांहून जुनी, पण खरी घडलेली गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट लांबची आहे, इंग्लंडातली.

लंडन शहरात मेरी वेड नावाची एक गरीब मुलगी होती. रस्ता झाडायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात पसरायचा, हाच तिचा उद्योग. १७८८ सालच्या ऑक्टोबरात ती आणि तिची चौदा वर्षांची मैत्रीण जेन व्हाइटिंग यांना आठ वर्षांची एक मुलगी भेटली. ती बाटलीत पाणी भरायला आली होती. या दोघींनी तिला आडोशाला नेऊन तिच्या अंगावरचा सुती झगा, खांद्यावरचा छोटा शेला आणि टोपी काढून घेतली. झगा गहाणवट घेणाऱ्याच्या दुकानात विकला. शेला मेरीच्या खोलीत सापडला आणि दोघी पकडल्या गेल्या.

चूक झाली, यात शंका नाही. त्या आठ वर्षांच्या लेकराचे काय हाल झाले असतील! पण पुढं काय झालं ते ऐका. १४ जानेवारी १७८९ रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात निकाल लागला. शिक्षा काय, तर फाशी! मेरी तेव्हा चौदा वर्षांचीही नव्हती. त्या काळी इंग्लंडात दोनशेहून जास्त गुन्ह्यांना फाशीची शिक्षा होती, आणि त्यांतले बरेचसे गुन्हे चोरीमारीचे होते. मालमत्ता ज्याची, कायदा त्याचा.

मेरी वाचली ती एका योगायोगानं. राजा तिसरा जॉर्ज कित्येक महिने मनाच्या आजारानं बेजार होता. १७८९ च्या मार्चमध्ये तो बरा झाल्याचं जाहीर झालं. त्या आनंदात फाशीची वाट बघणाऱ्या बायकांना जीवदान मिळालं. फाशीऐवजी शिक्षा झाली सातासमुद्रापार पाठवायची.

आपल्याकडं याला काळं पाणी म्हणतात. अंदमान आपल्याला माहीत आहे. त्याच्याही आधी इंग्रज मुंबईहून कैदी मॉरिशसला आणि सिंगापूरकडं पाठवत. खुद्द इंग्लंडातले कैदी पूर्वी अमेरिकेत जात. अमेरिका स्वतंत्र झाली, ती वाट बंद झाली आणि तुरुंग तुडुंब भरले. मग त्यांनी ऑस्ट्रेलिया गाठला. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत तिथं १ लाख ६० हजारांवर कैदी नेले.

‘लेडी ज्युलियाना’ नावाच्या जहाजातून दोनशेहून अधिक कैदी बायका निघाल्या. त्यांत मेरी होती. जुलै १७८९ मध्ये निघालेलं जहाज जून १७९० मध्ये सिडनीला पोचलं. म्हणजे जवळजवळ अकरा महिने पाण्यावर! तिथं पोचावं तर वसाहतीतच खायचे वांधे. मेरीला पुढं नॉरफोक नावाच्या दूरच्या बेटावर धाडलं. ती मोठी झाली ती तिथंच. तिथंच तिला पहिली मुलं झाली. आईची कूस लांब राहिली ती कायमची.

पुढं पहिला जोडीदार सोडून गेला. मग जोनाथन ब्रूकर या माणसाबरोबर तिनं शेतीत संसार मांडला. १८१२ मध्ये तिला सुटकेचा दाखला मिळाला. १८२३ च्या वणव्यात होतं नव्हतं ते जळालं. पुन्हा उभी राहिली. एकवीस मुलं झाली. १८५९ मध्ये ती वारली तेव्हा तिची लेकरं, नातवंडं, पतवंडं मिळून तीनशेच्या वर माणसं होती.

पण ज्या जमिनीवर हे संसार उभे राहिले, ती तिथल्या आदिवासींची होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढं तर त्या सरकारनं कितीतरी आदिवासी मुलं आयांपासून तोडून नेली. २००८ साली ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत त्या घरांची जाहीर माफी मागितली. हे केविन रड मेरी वेडच्याच वंशातले. ज्या मुलीला फासावर लटकवायला निघाले होते, तिच्या वंशातला माणूस दुसऱ्या लेकरांची माफी मागायला उभा राहिला.

आज आपल्या देशात कायदा वेगळा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं. फाशी तर नाहीच. मदतीला १०९८ हा नंबर आहे. पण कायदा पुस्तकात असून भागत नाही. पोराला खांबाला बांधणारे हात गावातलेच असतात, आणि ते थांबवणारे हातही गावातलेच लागतात.

चोरी चांगली, असं आम्ही म्हणत नाही. दुकानदाराचं नुकसान भरून द्यायलाच हवं. पण मारायच्या आधी एवढं तरी विचारा, ‘पोरा, सकाळपासून काही खाल्लंस का?’ मेरीला हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवा होता.

येत्या बैठकीत यावर तुमच्या गटातही बोला. गप्प बसणाऱ्यांनी आधी बोला.