ऑटोमॅटिक घड्याळाला चावी कोण देतं?

शुक्रवारी संध्याकाळी घड्याळ काढून ठेवलं, सोमवारी सकाळी बघतो तर बंद! मला वाटलं बिघडलं. पण फक्त चावी उतरली होती.

ऑटोमॅटिक घड्याळात बॅटरी नसते. आत अर्धगोल वजन असतं, त्याला रोटर म्हणतात. हात हलला की रोटर फिरतो आणि गिअरमधून मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ती हळूहळू सुटते, त्यावर काटे चालतात. स्प्रिंग पूर्ण भरली की तिचं बाहेरचं टोक घसरतं, म्हणून जास्त चावी बसत नाही.

सेइकोच्या ७एस२६ मशीनमध्ये भरलेली स्प्रिंग सुमारे ४० तास पुरते. त्याला हाताने चावी देता येत नाही. बंद पडलं तर अर्धा मिनिट हलकेच डावी-उजवीकडे हलवा, वेळ लावा आणि घाला. दुकानात धावायच्या आधी एवढं करून बघा!